कोकण किनाऱ्यावर घर बांधताय? आधी छप्पर ठरवा, मग भिंती

गावी घर बांधायचं ठरलं की पहिली चौकशी चौरस फुटाच्या दराची होते आणि दुसरी ‘चिऱ्याचं बांधू की आरसीसी?’ ही. वादळाचा विषय निघालाच तर ‘आरसीसी केलं की काळजी नाही’ असं कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. माझं म्हणणं असं, की किनाऱ्यावर हा क्रमच उलटा आहे. इथे आधी छप्पर ठरवावं, मग ते खाली कशाला जखडायचं ते ठरवावं आणि भिंती कशाच्या हे त्यातून आपोआप निघावं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे किनारा ओलांडताना वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० पर्यंत. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड, दापोली या सगळ्या पट्ट्यात छपरं उडाली आणि पोफळीच्या बागा झोपल्या. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक म्हणजे आयएस ८७५ भाग ३. त्यात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरचा झोत धरायला सांगितलाय. पणजीसाठी ३९ मीटर, म्हणजे ताशी १४०. डोंगरकडेला किंवा एखाद्या खिंडीत वारा नोंदीपेक्षा जास्त सुटला असेल हे मान्य. पण एकूण हिशेब असा, की मानकाने धरायला सांगितलेल्या वेगापेक्षा कमी वेगाच्या वाऱ्याने एवढी घरं उघडी पडली. त्यातल्या बहुतेक छपरांचा वाऱ्यासाठी हिशेब कुणी केलेलाच नव्हता. सुताराने आजोबांच्या वेळेपासून जसं बसवलं तसंच ते बसवलेलं होतं.

हा लेख आयुष्यात पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांसाठी आहे. बैठं किंवा एक मजली घर, छोटं होमस्टे, फार तर वाडीतली दोन-तीन कॉटेजेस. इंजिनीअर तुम्हाला लागेलच. त्याच्याशी काय बोलायचं एवढं तरी आधी माहीत असावं.

१. वारा ढकलतो त्याहून जास्त उचलतो

वादळात घर आडवं होतं असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात बैठ्या घराचं पहिलं जातं ते छप्पर, आणि ते वर जातं. वारा भिंतीवर आदळून छपरावरून पुढे निघतो तेव्हा वळचणीजवळ, आढ्याजवळ आणि मागच्या पाख्यावर ओढ तयार होते. छप्पर जितकं चपटं तितकी ही ओढ जास्त. त्यातच वाऱ्याकडची एखादी खिडकी फुटली की वारा आत शिरतो आणि खालून छपराला रेटतो. वरून ओढ, खालून रेटा, आणि दोन्हींची दिशा एकच.

थोडं गणित करू. मानकातलं सूत्र सोपं आहे: वाऱ्याचा दाब म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले ०.६. सेकंदाला ३९ मीटर वेगाला हा दाब चौरस मीटरमागे सुमारे ९३ किलो येतो, ४४ ला सुमारे ११८. आता छपरावरची ओढ ढोबळ मानाने ०.८ पट आणि खिडक्या-दारं उघडी पडलेल्या घरातला आतला रेटा ०.७ पट धरा. दोन्ही मिळून दीडपट. म्हणजे ३९ च्या वेगालाही चौरस मीटरमागे १४० किलोची उचल. दहा मीटर बाय दहा मीटरच्या घराला ती १४ टन होते.

या १४ टनांसमोर तुमचं छप्पर उभं आहे. पत्रा आणि त्याखालचा सांगाडा मिळून चौरस मीटरला साधारण १५ किलो, म्हणजे सगळं मिळून दीड टन. मंगलोरी कौलं, रिपा, वासे धरून सहा-सात टन. पाच इंची स्लॅब ३१ टन. स्लॅबचं घर वादळात का टिकतं याचं गूढ एवढंच आहे: तो स्वतःच्या वजनाने बसून राहतो. बाकी दोघांना कुणीतरी खाली धरून ठेवावं लागतं.

खिडकीचं महत्त्वही यातच आहे. सगळं घट्ट बंद राहिलं तर आतला रेटा ०.७ च्या जागी ०.२ वर येतो. एक सरकती काच फुटली की छपरावरचा भार दीडपटीच्या आसपास वाढतो.

२. जागा: समुद्र दिसतो तिथून वाराही दिसतो

किनारपट्टीच्या नियमांपासून सुरुवात करा. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकामबंदी आहे. दाट वस्तीच्या गावांत ती ५० मीटरवर आली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक असलेली गावं या दाट वर्गात येतात. आपला सर्व्हे नंबर कशात मोडतो हे जमीन घेण्याआधी पाहायचं. एजंट काय सांगतो ते नंतर ऐकायचं.

मग वारा. सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाच्या कडेला, जिथून खाली अख्खी खाडी दिसते, अशा जागांना हल्ली भाव आला आहे. मानक या जागांना वेगळा गुणक लावतं. उताराच्या माथ्यावर वाऱ्याचा वेग १.३६ पटीपर्यंत धरावा लागतो. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तेच घर गावात बांधलं तर जेवढा भार येईल त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत जास्त भार कड्यावर येतो. कडेपासून मागे सरकलात तर हा गुणक झपाट्याने उतरतो. जुनी गावं खाली, डोंगराच्या कुशीत, झाडीच्या आड का वसली याचं उत्तर फक्त पाण्यात नाही.

खालच्या बाजूला, पुळणीलगतच्या वाडीत, अडचण वेगळी असते. वादळाबरोबर समुद्र चढतो आणि वाळूतला पाया धुपतो. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं. जोतं त्याच्या वर हवं आणि पाया भुसभुशीत वाळूच्या खाली घट्ट थरापर्यंत.

झाडांचंही पाहून ठेवा. माड आणि जुनी कलमं घरापासून त्यांच्या उंचीइतकी लांब असावीत हा आदर्श. वाडीत तो पाळणं कठीण. मग निदान झोपायच्या खोल्या झाडांच्या बाजूला नकोत.

३. छप्पर: इथे वेळ घ्या

पत्रा स्वस्त, झटपट आणि वादळाचा सगळ्यात आवडता. तो वाईटच असं मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियात वादळी किनाऱ्यावर लाखो घरं पत्र्याची आहेत आणि टिकतातही. पण ते शहाणपण महाग पडून आलेलं आहे. १९७४ च्या नाताळच्या पहाटे ट्रेसी नावाच्या वादळाने डार्विन शहर जवळजवळ पुसून टाकलं. तपासात दिसलं, की स्क्रू जागेवरच होते. वाऱ्याच्या हजारो झटक्यांनी स्क्रूभोवतीचा पत्रा चिरत गेला आणि शेवटी डोक्यावरून निसटला. म्हणून पत्रा घ्यायचा तर जाडी कमी करून पैसे वाचवू नका, स्क्रूखाली रुंद वॉशर घाला आणि वळचण, आढं, कोपरे इथे स्क्रूंमधलं अंतर मधल्या भागाच्या निम्म्यावर आणा. सिमेंटच्या पत्र्याला जे-बोल्ट लावायची पद्धत आहे. जोराच्या ओढीत जे-बोल्टचं वाकडं टोक सरळ होऊन निघतं. दोन्ही बाजूंनी नट बसणारा यू-बोल्ट लावा.

कौलं तुकड्यातुकड्याने उडतात. हा त्यांचा दोष आणि गुणही, कारण काही कौलं गेली की आतला दाब मोकळा होतो आणि बरेचदा सांगाडा वाचतो. मात्र उडालेलं कौल शेजाऱ्याच्या खिडकीत जातं. वळचणीच्या, आढ्याच्या आणि कडेच्या दोन-तीन ओळींतलं प्रत्येक कौल गंज न धरणाऱ्या तारेने रिपेला बांधून घ्या. सुतार कंटाळा करेल, त्याच्याजवळ उभे राहा.

आकाराचं म्हणाल तर चौपाखी छप्पर दुपाखीपेक्षा कधीही चांगलं. दुपाखीच्या दोन टोकांना ज्या त्रिकोणी भिंती येतात त्या वर मोकळ्या असतात. वारा त्या आत ढकलतो आणि मग छपराचं ते टोक उचकटतं. १९९२ साली अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडात हजारो घरं पाडली, तेव्हा या त्रिकोणी भिंती ठळक दुबळी जागा म्हणून पुढे आल्या. दुपाखीच हवं असेल तर त्रिकोणाच्या उतारावरून काँक्रीटची पट्टी न्या आणि वासे तिला बांधा. उतार २२ ते ३० अंशांच्या दरम्यान ठेवा.

आता वळचण. वादळाचा सल्ला देणारे म्हणतात, छप्पर भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस. दीड फुटाच्या वळचणीत चिऱ्याची भिंत श्रावणापर्यंत ठिबकायला लागते. यावर तोड आहे आणि ती आपल्याच जुन्या घरांत आहे: पडवीचं छप्पर मुख्य छपराच्या खाली, वेगळ्या वाशांवर घ्यायचं. पडवी उडाली तर पडवीच उडेल, मुख्य छपराला सोबत घेऊन जाणार नाही. हल्ली एकाच लांब पाख्यात पडवी ओढून घ्यायची फॅशन आहे. दिसतं छान, पण वाऱ्याला पकडायला एवढी मोठी जागा देऊ नये.

सपाट स्लॅब वाऱ्यापुढे निर्धास्त, झाड पडलं तरी बहुधा तग धरतो. पण कोकणात सपाट स्लॅब गळतो. मग तिसऱ्या पावसाळ्यात मालक गच्चीवर लोखंडी पाइपांची पत्र्याची शेड ठोकतो. वादळानंतर किनाऱ्यावर सगळ्यात जास्त उडालेली दिसते ती हीच शेड, कारण ती घराच्या आराखड्यात नसते, तिचा हिशेब कुणी केलेला नसतो आणि तिचे पाय चार-चार बोल्टांवर नाहीतर थेट कठड्यावर टेकवलेले असतात. बाजूंनी उघडी, म्हणजे वारा वरूनही ओढणार आणि खालूनही उचलणार. ज्या माणसाने स्लॅबवर पाच-सात लाख जास्त खर्च केले, त्याच्याच गच्चीवरून पत्रे गावभर उडतात. शेड करणारच असाल तर ती आजच आराखड्यात दाखवा आणि तिच्या खांबांच्या सळया स्लॅब ओततानाच कॉलममधून वर काढून ठेवा.

उतरता स्लॅब, वर कौलं हा मला किनाऱ्यासाठी सगळ्यात पटणारा पर्याय. पाणी निथळतं, शेड लागत नाही, वजन आहे, खालून रेटा पोचत नाही, घर उन्हाळ्यात बऱ्यापैकी गार राहतं आणि कोकणातल्या घरासारखं दिसतं. वरची कौलं चुन्याच्या किंवा सिमेंटच्या गिलाव्यात नीट बसवायची, नुसती ठेवायची नाहीत. महाग आहे आणि उतारावर काँक्रीट नीट ठोकून बसवणारा गवंडी मिळायला हवा, हेही खरं.

बजेट अपुरं पडत असेल तर मधला मार्ग काढता येतो: घर कौलारू करा, पण मधली एक खोली पूर्ण स्लॅबची करा. देवघर, कोठीची खोली किंवा न्हाणी, कोणतीही चालेल. तिला एकच लहान खिडकी, जाड दार आणि चारही कोपऱ्यांत कॉलम. वादळाच्या रात्री घरातली सगळी माणसं मावतील एवढी. छप्पर नंतर परत घालता येतं.

४. आता भिंती आणि सांगाडा

छपराच्या निवडीतून दोन प्रकार पडतात. जड छप्पर असेल तर भिंतींनी वजन पेलायचं. हलकं असेल तर भिंतींनी ते खाली ओढून धरायचं. नुसत्या चिऱ्याची भिंत पहिलं काम उत्तम करते, दुसरं अजिबात नाही. चिऱ्यावर चिरा वजनाने बसलेला असतो. वर खेचलं की सांध्यातला मसाला सुटतो. म्हणून ‘आमची भिंत नऊ इंची आहे’ हे छपराच्या काळजीवर उत्तर होत नाही.

मग सगळ्यांनी जड स्लॅबच घालावा का? इथे भूकंप आडवा येतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सह्याद्रीच्या पलीकडेच झाला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जड माळवदं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी माणसं गाडली. वाऱ्याला वजन चालतं, भूकंपाला चालत नाही. त्यामुळे साध्या, बिनसळईच्या चिऱ्याच्या भिंतींवर जड स्लॅब टेकवणं हा एका संकटातून दुसऱ्यात जायचा रस्ता आहे. दोन्हींना पुरे पडेल असं बांधायचं तर भिंतीत सळई हवीच.

त्यासाठी पर्याय असे.

*चिऱ्याच्या भिंती आणि काँक्रीटचे पट्टे.* जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर आणि भिंतीच्या माथ्यावर सलग फिरणारे तीन पट्टे. प्रत्येक कोपऱ्यात पायापासून माथ्यापर्यंत जाणारी एक उभी सळई, भोवती काँक्रीट. लिंटेल फक्त खिडकीवर घालून थांबणारा गवंडी जवळजवळ तेवढ्याच मजुरीत तो सलगही नेऊ शकतो. बैठ्या कौलारू घराला हे पुरेसं आहे आणि गावातल्या गवंड्याला जमणारं आहे. दारं-खिडक्यांची एकूण रुंदी भिंतीच्या निम्म्याहून कमी आणि कोपऱ्यापासून पहिली खिडकी निदान दोन फूट लांब ठेवा.

*बंदिस्त भिंती, म्हणजे कन्फाइन्ड मेसनरी.* यात आधी भिंत उभी करतात, कडेला दाते सोडून, आणि मग त्या दात्यांत बारीक कॉलम ओततात. भिंत आणि काँक्रीट एकमेकांना धरून बसतात. आरसीसी फ्रेमपेक्षा लोखंड कमी लागतं आणि कामात थोडी चूक झाली तरी ही पद्धत सांभाळून घेते. गांधीनगरच्या आयआयटीने पालजच्या परिसरात निवासी इमारती याच पद्धतीने बांधल्या आहेत. एक मजली घर, वर उतरता स्लॅब, यासाठी कोकणात मी हीच सुचवेन. अडचण एकच: ठेकेदार ‘हे नेहमीचंच आहे हो’ म्हणून आधी कॉलम ओततो आणि भिंत नंतर भरतो. तसं केलं की सगळा फायदा गेला. क्रम करारात लिहून घ्या.

*आरसीसी फ्रेम.* खाली गाडी, वर घर, मोठ्या खिडक्या, दोन मजले असं काही असेल तर हीच. पण तळमजला नुसत्या खांबांवर ठेवणार असाल तर ते आडव्या जोरासाठी तपासलेलं हवं, कारण भूकंपात असे मोकळे तळमजले आधी बसतात. फ्रेम उत्तम झाली म्हणून वरचं पत्र्याचं छप्पर आपोआप सुरक्षित होत नाही, हेही लक्षात असू द्या.

*लाकडी सांगाडा.* ऐन, किंजळ, साग, फणस असं जुन्या घराचं लाकूड हाती असेल तर जरूर वापरा. लाकूड वादळात लवतं, सहसा मोडत नाही. सुटतात ते सांधे. खोबणीत बसवलेला वासा दाबाला टिकतो, ओढीला नाही. प्रत्येक सांध्यावर लोखंडी पट्टी आणि आरपार बोल्ट हवा.

*लोखंडी शेड आणि तयार कॉटेजेस.* काजूचा कारखाना, आंब्याचं पॅकिंग, होमस्टेच्या तयार खोल्या. सांगाडा कारखान्यात हिशेबाने बनलेला असतो, पण तो हिशेब कुठल्या वाऱ्याचा हे विचारा. पुण्यासाठी ३९ धरून केलेला आराखडा तुमच्या सड्याच्या कडेला चालत नाही. मोठं रोलिंग शटर वाऱ्याकडे तोंड करून नको. ते आत वाकलं की पहिल्या भागातलं छपराचं सगळं गणित बदलतं. कंटेनरच्या खोल्या नुसत्या दगडांवर ठेवू नयेत, पायाला जखडाव्यात.

५. साखळी

इंजिनीअर याला भारमार्ग म्हणतात. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतमाथ्याच्या पट्टीला, पट्टी उभ्या सळईला, सळई जोत्याला, जोतं पायाला. ही साखळी सगळ्यात कच्च्या कडीइतकीच मजबूत असते. आपल्याकडे ती कडी बहुतेक वेळा वासा आणि भिंत यांच्यामध्ये असते. वासे भिंतीवर नुसते टेकवतात आणि वरून मसाला मारतात.

वरच्या उदाहरणातलं पत्र्याचं छप्पर घ्या. १४ टनांपैकी दीड टन स्वतःचं वजन, उरले साडेबारा. भिंतमाथ्यावर २४ ठिकाणी बांधलं तर प्रत्येक सांध्यावर सरासरी अर्ध्या टनाहून थोडी जास्त ओढ येते, कोपऱ्यांवर आणखी. लाकडात ठोकलेला खिळा सरळ खेचला तर त्याच्या जवळपासही टिकत नाही. म्हणून भिंतमाथ्याचा पट्टा ओततानाच त्यात जस्ताचा मुलामा दिलेल्या पट्ट्या किंवा बोल्ट सोडायचे, नंतर त्या वाशावरून वळवून घ्यायच्या. साहित्य चार-सहा हजारांचं आहे. पट्टा ओतून झाल्यावर आठवलं तर ड्रिल मारून बसवावं लागतं आणि ते कधीच तितकं चांगलं होत नाही.

६. खारा वारा

वादळ काही वर्षांतून एकदा येतं, मीठ रोज येतं. सांध्यातली पट्टी गंजून कागदाएवढी झाली असेल तर वरचा सगळा हिशेब फुकट.

काँक्रीटसाठी आयएस ४५६ स्पष्ट आहे: किनाऱ्याच्या हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटला किमान एम ३० (एमपुढचा आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत) आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं आवरण. गावात चालणारं १:२:४ चं मिश्रण साधारण एम १५ चं असतं. फरक किती आहे पाहा. खाडीची वाळू आणि मचूळ विहिरीचं पाणी काँक्रीटला नकोच. सळईखाली सिमेंटचे ठोकळे ठेवलेत का हे स्लॅब ओतण्याआधी स्वतः वाकून पाहा. दगडाचा तुकडा घालून काम भागवलेलं असतं. आणि काँक्रीट घट्ट वाटलं म्हणून त्यात बादली ओतणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

बोल्ट, पट्ट्या, स्क्रू गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेसचे घ्या. नुसता रंग दोन पावसाळे.

७. दारं, खिडक्या, गच्चीवरच्या वस्तू

जुन्या घरांच्या खिडक्या लहान, गजांच्या आणि फळ्यांच्या दारांच्या होत्या. तुम्हाला समुद्र पाहायचा आहे, तेव्हा मोठी काच येणार. मग त्या काचेला बाहेरून बंद करता येईल अशी फळीची किंवा प्लायची झडप आणि ती अडकवायला चौकटीत कायमचे हूक हवेत. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या वाऱ्यात पट्टीतून सुटतात, त्यांची चौकट भिंतीला बोल्टने धरलेली आहे ना ते पाहा. पाण्याची टाकी भरलेली असेल तर बसते, रिकामी असेल तर उडते. तिला आणि सोलरला पट्ट्यांनी बांधा.

८. इंजिनीअरला विचारायचे प्रश्न

वाऱ्याचा मूळ वेग किती धरलात? उताराचा गुणक घेतलात का? छपराची एकूण उचल किती टन आली आणि ती कुठल्या बोल्टांनी कुठे उतरवलीत? हा तिसरा प्रश्न मुख्य. याचं उत्तर कागदावर, सांध्याच्या चित्रासकट मिळालं पाहिजे. ‘आपण दणकट करू’ हे उत्तर नाही.

आणखी एक मागणी करा. मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळासाठी वाढीव गुणक आहे: दवाखाने, निवारे अशा वादळानंतर लागणाऱ्या इमारतींना १.३०, औद्योगिक इमारतींना १.१५. पण तो पूर्व किनारा आणि गुजरात इथल्या ६० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला तो लागू केलेला नाही, म्हणून तुमचा इंजिनीअर तो धरणार नाही आणि त्यात त्याची चूकही नाही. होमस्टेत परकी माणसं झोपणार असतील तर १.१५ धरायला सांगा. भार ३२ टक्क्यांनी वाढतो, खर्च मात्र मुख्यतः बोल्ट-पट्ट्यांत वाढतो. लहान घरांसाठी आयएस १५४९८ हे वेगळं मार्गदर्शक मानक २००४ पासून आहे. इंजिनीअरने ते उघडून पाहिलंय का, हेही विचारायला हरकत नाही.

९. वेळापत्रक

फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्यालगतून गेलं, निसर्ग जूनच्या सुरुवातीला. म्हणजे धोक्याचे दोन हंगाम आहेत, पावसाच्या आधी आणि पावसानंतर. आपल्याकडे छप्पर चढवायची घाई नेमकी मे महिन्यात असते. अर्धवट घर पूर्ण घरापेक्षा कच्चं असतं: माथ्याचा पट्टा न ओतलेली भिंत, टेकू न दिलेली त्रिकोणी भिंत, चार कोपऱ्यांना स्क्रू मारून ‘उद्या बघू’ म्हणून सोडलेले पत्रे. छप्पर एप्रिलअखेर बांधून पूर्ण होईल असं काम मागे मोजत आखा. दिवाळीनंतर पाया, संक्रांतीपर्यंत भिंतमाथा, शिमग्याआधी स्लॅब किंवा वासे. हे जमत नसेल तर त्या वर्षी जोत्यावर थांबा.

घर झाल्यावर दरवर्षी मेच्या पहिल्या पंधरवड्यात शिडी लावून वर जा. सैल स्क्रू आवळा, फाटलेले वॉशर बदला, तारा तुटलेली कौलं बांधा, वासा-पट्टीच्या सांध्यावर गंजाची पापुद्री निघते का ते खरवडून पाहा आणि छपरावर आलेल्या फांद्या उतरवा. मुंबई-पुण्याहून येणं होत नसेल तर हे काम कुणावर तरी नावानिशी सोपवा आणि त्याचे पैसे आधी द्या.